सुलिखित

"खरडलंय काहीतरी. वेळ मिळाला तर बघ, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नीट कर," असं म्हणून मावशीनं एक लांबडी वही माझ्या पिशवीत सरकवली. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, जाऊन तेव्हा अडीच वर्षं झाली होती. त्या अडीच वर्षांत ती त्याच्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती. कुणी विषय काढला की ती उठून गॅस बारीक करायला जायची, गॅस चालू असो वा नसो.

वही मी रात्री उघडली. बॉलपेनानं दाबून लिहिलं होतं. पान उलटून मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती, काही ठिकाणी कागद फाटायच्या बेताला आला होता. वाचायच्या आधी मी बराच वेळ नुसती बोटं फिरवत बसले, आणि तिचा तो एक शब्द डोक्यात घुमत राहिला. खरडलंय.

आपण हा शब्द कमीपणानं वापरतो. चिठ्ठी खरडली, दोन ओळी खरडल्या. कच्च्या मसुद्याला खर्डा म्हणतो. पण खरडणं ही मुळात हाताची, धारेची क्रिया आहे. पातेल्याच्या बुडाशी लागलेलं दूध कालथ्यानं खरडून काढायचं, जमिनीवरचं वाळलेलं शेण खुरप्यानं खरडून काढायचं. धरून बसलेलं काहीतरी जोर लावून सुटं करणं, हा त्यातला अर्थ. मराठीनं त्याच क्रियापदाला कागदावर आणलं आणि लिहिण्याच्या कामाला लावलं.

गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे संस्कृतनं हेच फार पूर्वी करून ठेवलं होतं. 'लिहिणे' ज्या लिख् धातूपासून आलं, त्याचा जुना अर्थ ओरखडणं, खरवडणं, टोकदार वस्तूनं रेघ ओढणं. वेदांत याचंच 'रिख्' असं रूप मिळतं, आणि त्यातूनच रेखा निघाली, मग आपली रेघ आणि रेष. अक्षर हा त्या ओरखड्याचा नंतरचा उपयोग. ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं अक्षर कोरायचं आणि मग त्यात काजळी भरायची, ही रीत दक्षिणेत शतकानुशतकं चालली. तिथं लिहिणं आणि ओरखडणं एकच होतं. ग्रीकांचं 'ग्राफेइन' आणि लॅटिनमधलं 'स्क्रीबेरे' यांचीही सुरुवात अशीच ओरखड्यापासून झालेली आहे.

इथवर कुठल्याही व्युत्पत्तिकोशात सापडेल. मला थांबवलं ते सुश्रुतसंहितेनं, शस्त्रवैद्यकाच्या त्या जुन्या ग्रंथानं.

सुश्रुताच्या शस्त्रकर्मात आठ प्रकार आहेत: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य आणि सीव्य. कापणं, फोडणं, टोचणं, शोधणं, ओढून काढणं, वाहू देणं, शिवणं. आणि यांच्याच रांगेत लेख्य, म्हणजे खरवडणं. आयुर्वेदात त्या क्रियेचं नाव सरळ 'लेखन' असं आहे. त्यासाठी मंडलाग्र नावाचं गोल टोकाचं शस्त्र. शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं आधी कशावर हात बसवायचा, हेही सांगून ठेवलं आहे: केस न काढलेलं कातडं ताणून धरायचं आणि त्यावर लेखनाचा सराव करायचा. आपण पहिलीत पाटीवर अ गिरवला, तसा तो मुलगा कातड्यावर गिरवत असणार.

कुठली जखम खरवडायची, यावर सुश्रुत फार नेमका आहे. सगळ्या नव्हे. जिच्या कडा जाड होऊन वळल्या आहेत, जी कठीण झाली आहे, जिच्यात घट्ट मांस वर आलं आहे, आणि जी पुन्हा पुन्हा फुटते, ती. हे वाचताना मला मावशीचं गॅस बारीक करायला उठणं आठवलं. वरून घट्ट झालेलं, आणि कुणाचा धक्का लागला की फुटणारं.

खरवडायचं कसं, तर समान हातानं, मागे काही शिल्लक न ठेवता. आणि नीट खरवडलेल्या जखमेला तिथं शब्द वापरला आहे 'सुलिखित'. आज आपण हा शब्द चांगल्या वळणदार अक्षराला किंवा चांगल्या लेखाला लावू. शस्त्र चालत नसेल तिथं लेखनासाठी जी सामग्री सांगितली आहे, तीत भरड कापड आहे, समुद्रफेन आहे, सैंधव आहे, आणि खरखरीत पानंही आहेत. मराठीत पान झाडाचंही असतं आणि वहीचंही. दोन्ही एकाच 'पर्ण'मधून आलेली. सुश्रुताला अर्थातच वही अभिप्रेत नव्हती, तो कातडीबद्दल आणि मांसाबद्दल बोलत होता. पण मनाच्या दुखण्याला शब्द देताना भाषेनं तरी वेगळं काय केलं? ती पहिल्यापासून शरीराच्याच जखमांकडून शब्द उसने घेत आली.

'सल' हा शब्द घ्या. मनातला सल, जुना सल, सलत राहणं. हा संस्कृत 'शल्य', प्राकृतात 'सल्ल', मराठीत सल. शल्य म्हणजे शरीरात घुसून राहिलेली परकी वस्तू: बाणाचं टोक, काटा, हाडाची कपची. ते काढण्याचं शास्त्र म्हणून शल्यतंत्र, आणि म्हणून आजचे शल्यविशारद. घरी काटा काढणाऱ्या बायका या शास्त्राच्या फार जवळ होत्या. माझ्या आजीच्या गावी बाभळीचा काटा तळपायात मोडला की ती पाय मांडीवर घ्यायची, चुलीच्या उजेडाकडे वळवायची आणि अंगठ्यानं दाबत दाबत विचारायची, "इथं? का इथं?" जिथं आपण पाय ओढून घेऊ तिथं ती सुई लावायची. सुई आधी दिव्यावर धरलेली. काटा निघायच्या आधीचं ते दाबून बघणं सगळ्यांत वाईट असायचं, काटा निघताना इतकं दुखत नसे.

न दिसणाऱ्या शल्यासाठी सुश्रुताकडे अख्खा एक अध्याय आहे. वरची जखम बुजली, शल्य मात्र आत कुठं आहे ते कळत नाही, अशा वेळी त्या भागाला थिजलेलं तूप किंवा चंदनाचा लेप लावायचा. जिथं तूप आधी वितळेल, जिथं लेप आधी वाळेल, तिथं शल्य. आतल्या धगीवरून जागा ओळखायची. माणसाच्या बोलण्यातही अशा जागा असतात. सगळं बोलणं गार असतं आणि एका नावाशी, एका तारखेशी येऊन आवाज एकदम सुकतो.

मावशीच्या वहीची पहिली अकरा पानं गार होती. सकाळी किती वाजता फोन आला, घरातून कधी निघालो, रिक्षा मिळाली नाही म्हणून कुठपर्यंत चाललो, दवाखान्यात कुठल्या खिडकीवर कोणता कागद मागितला. वेळा मिनिटांसकट. रडणं नाही, राग नाही, तिचा मुलगासुद्धा नाही. तो आहे फक्त 'पेशंट' म्हणून. जणू कुणी पंचनामा करून घेत होतं.

याच ठिकाणी अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा उल्लेख केला पाहिजे. 1986 साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी 46 विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना रोज 15 मिनिटं, सलग चार दिवस, एकट्यानं बसून लिहायला सांगितलं होतं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहायचं. बाकीच्यांनी आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगावर लिहायचं, पण त्यांचेही गट पाडले: एकानं नुसत्या घटना लिहायच्या, एकानं नुसत्या भावना, एकानं दोन्ही. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारी मुलं लिहून झाल्यावर लगेच अधिक खिन्न झाली होती. मात्र पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या खेपा इतरांहून कमी झाल्या. नुसत्या घटना लिहिणाऱ्यांना असा फायदा दिसला नाही.

या पद्धतीचे पुढे कितीतरी प्रयोग झाले. 2006 साली जोॲन फ्रॅटारोली यांनी असे 146 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा परिणाम खरा निघाला, पण लहान निघाला. मला तो लहानपणा विश्वासार्ह वाटतो. लिहिलं की सगळं बरं होतं असं सांगणाऱ्यांपासून दुखावलेल्या माणसानं सावध राहावं असं मला मनापासून वाटतं. ताज्या, वाहत्या जखमेला सुश्रुतही खरवडत नाही. आधी रक्त थांबवतो. अंत्यसंस्कारावरून परतलेल्या माणसाच्या हातात वही देऊ नये. त्याला पिठलं-भात द्यावा.

त्या प्रयोगांतली एक गोष्ट शब्दांच्या माणसाला फार जवळची आहे. 1997 साली पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाग घेणाऱ्यांच्या पानांतले शब्द मोजले. ज्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसाकडे जाताना 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं', 'समजलं' या जातीचे शब्द वाढत गेले, त्यांची प्रकृती जास्त सुधारली होती. चारही दिवस तीच हकिकत त्याच शब्दांत लिहिणाऱ्यांना तसा लाभ नव्हता. मराठीत या दोन गोष्टींना पहिल्यापासून वेगवेगळी नावं आहेत. तेच ते काढत बसण्याला आपण लिहिणं म्हणत नाही, दुःख उगाळणं म्हणतो. सहाणेवर खोड फिरावं तसं मन एकाच जागी गोल गोल फिरतं. आणि कोळसा उगाळावा तितका काळाच, हे घरोघरच्या बायकांनी सांगून ठेवलंच आहे. दुःख कुरवाळणं, दुःख गिरवणं हेही त्यातलंच. गिरवण्यात हात चालतो, पण दुसऱ्यानं आखून दिलेल्या त्याच रेघेवरून. लिहिण्यात रेघ नवी पडते.

बाराव्या पानावर मावशीची रेघ बदलली. आदल्या रात्री डब्यावरून ती मुलावर ओरडली होती. त्यानं डबा तसाच परत आणला, भाजी विटली, म्हणून. शेवटचं बोलणं ते. हे एक वाक्य तिनं तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं, आणि खोडताना पेन इतकं रुतलं होतं की पुढच्या दोन पानांवर त्याचे नुसते खड्डे होते, शाई नाही. त्यानंतर एक ओळ होती: मी बोलले कारन मला वाटलं तो बाहेरचं खातो आणि पोट बिघडवून घेतो. 'कारण'मधला ण तिनं न लिहिला होता. मी तो नीट केला नाही. पुढे वहीत हा 'कारन' वाढत गेला. काही कारणं मला पटली नाहीत, एक-दोन तर उघड चुकीची होती, पण प्रत्येक ठिकाणी ती एका गोष्टीपासून दुसऱ्या गोष्टीपर्यंत चालत गेलेली दिसत होती. नंतर तिनंच सांगितलं की पहिले आठ-दहा दिवस लिहून उठल्यावर डोकं ठणकायचं, रात्रभर डोळा लागायचा नाही, आणि वही बंबात घालावी असं दोनदा मनात आलं. दुपारी भांडी आवरली की ती लिहायची. काकांना वाटायचं भिशीचा हिशेब चाललाय.

'वेदना' हा शब्दही या वहीनं मला नव्यानं पाहायला लावला. धातू विद्, जाणणं. त्यातूनच वेद आणि विद्या. पाली बौद्ध ग्रंथांत वेदना म्हणजे कुठलीही संवेदना: सुखाची, दुःखाची किंवा दोन्ही नसलेली. मराठीत येईपर्यंत सुखाची गळून पडली आणि दुखणारी तेवढी उरली. पण जाणण्याचा धागा तुटला नाही. त्याच विद् पासून 'निवेदन' आलं, म्हणजे दुसऱ्याला जाणवून देणं. वेदना माझी मला कळते. निवेदन झालं की ती तुला कळते. या दोन शब्दांच्या मध्ये माणसं कितीदा वर्षानुवर्षं अडकून पडलेली असतात.

वाल्मीकीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: क्रौंचाच्या जोडीतला एक पडला, ऋषीला शोक झाला आणि शोकाचाच श्लोक झाला. ही परंपरेनं लावलेली सुंदर व्युत्पत्ती. भाषाशास्त्र वेगळं सांगतं. शोक हा शुच् पासून, म्हणजे जळणं, झळाळणं. 'शुचि' हाही त्याचाच. आणि श्लोक हा श्रु पासून, म्हणजे ऐकणं. म्हणजे शोक जळत असतो आणि श्लोक ऐकला जात असतो. मला ही दुसरी व्युत्पत्ती पहिलीहून कमी सुंदर वाटत नाही. मावशीनं वही माझ्या पिशवीत का टाकली, ते मला या व्युत्पत्तीतून अधिक कळतं. ऱ्हस्व-दीर्घ हे निमित्त होतं.

ऐकणारा मिळेपर्यंत किती काळ लागावा? फलटणच्या बेबी कांबळे किराणा दुकानात बसून, सामान बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचत वाचत लिहायला लागल्या. घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लिहिलेलं लपवून ठेवत, आणि ते तसं सुमारे वीस वर्षं लपून राहिलं. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन पुस्तकरूपानं आलं 1986 साली, म्हणजे पेनेबेकरांचा तो अभ्यास छापला गेला त्याच वर्षी. एकीकडे विद्यापीठातली बंद खोली आणि चार दिवस. दुसरीकडे गल्ल्यामागची जागा, गिऱ्हाईक आलं की थांबायचं, आणि एका बाईचं नव्हे तर एका अख्ख्या दलित समाजाचं दुखणं. या दोन गोष्टी एका मापानं मोजता येत नाहीत. जातीनं केलेली जखम एकट्यानं लिहून बरी होत नसते, कारण ती करणारे हात अजून चालू असतात. पण बाईंनी ते लिहिलं, आणि लिहिताना स्वतःच्या घरातला नवऱ्यांचा मारही वगळला नाही. मागे काही शिल्लक न ठेवता खरवडणं म्हणतात ते हे.

दया पवारांनी 'बलुतं' या आत्मकथनात, 1978 साली, आणखी एक वाट काढली. तिथं दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघं एकच. लिहिता झालेला माणूस समोर बसतो आणि आत राहिलेल्या पोराचं ऐकून घेतो. सांगणाऱ्याला ऐकणारा मिळाला नाही तर तो स्वतःतूनच उभा करावा लागतो. स्वतःबद्दल 'मी' म्हणता म्हणता 'तो' म्हणता येणं, आणि पुन्हा 'मी'कडे परत येणं, ही सर्वनामांची ये-जा त्या पुस्तकाचा कणा आहे.

हल्ली 'व्यक्त व्हा' असं सगळीकडे ऐकू येतं. शब्द फार चांगला आहे, त्याच्या पोटात काय आहे ते मात्र कुणी सांगत नाही. व्यक्त हा वि आणि अञ्ज् यांपासून, आणि अञ्ज् म्हणजे माखणं, लेप देणं. डोळ्यातलं अंजन, दिवाळीचं अभ्यंग ही त्याचीच भावंडं. माखल्यानं जे उठून दिसतं ते व्यक्त. म्हणजे लेखन खरवडतं आणि व्यक्त होणं तेल लावतं. सुश्रुताच्या क्रमातही आधी व्रणाचं शोधन, मग रोपण. रोपण म्हणजे जखम भरून आणणं, आणि हाच शब्द आपण झाडाला लावतो: रोप, वृक्षारोपण. भातखाचरात जे करतात तेच मांसात करायचं. उगवू द्यायचं.

उगवल्यावर खूण राहतेच. सुश्रुत व्रण या शब्दाचाच अर्थ असा लावतो की जखम भरली तरी तिची जागा देह आहे तोवर नाहीशी होत नाही, म्हणून तो व्रण. मराठीत त्याचा झाला वण. जखम हा शब्द फारसीतून आला, मलमही अरबी-फारसी वाटेनं आला, वण मात्र आपल्याकडे तेव्हापासून आहे. आजीच्या तळपायावर, आत्याच्या कपाळावर, देवीच्या फोडांचा चेहऱ्यावर. वण दुखत नाही. थंडीत कधी खाजतो.

शल्य काढण्याचे सुश्रुतानं पंधरा उपाय दिले आहेत. पिकवणं, फोडणं, पिळणं, धुणं, चोखून काढणं, लोखंड असेल तर लोहचुंबक. यादी अशी हातांची, पाण्याची, धातूची चाललेली असते आणि शेवटचा, पंधरावा उपाय येतो: हर्ष. तो कशासाठी? अनेक कारणांनी हृदयात रुतून बसलेल्या शोकशल्यासाठी. शस्त्रवैद्यकाच्या ग्रंथात, चुंबकाच्या शेजारी, आनंद. हर्ष हा हृष् पासून, अंगावर रोमांच उभे राहणं हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे अंगाला पुन्हा जाग येणं.

वही परत द्यायला गेले तेव्हा मावशीनं विचारलं, "केलंस का नीट?" मी म्हटलं, "काही चुकलं नव्हतं." तिनं वही घेतली आणि फ्रीजवर ठेवली, विजेच्या बिलांवर.

सात-आठ महिन्यांनी पुन्हा गेले होते. वही तिथंच होती. एक फोन नंबर लिहून घ्यायला कागद हवा होता म्हणून मी ती काढली, तर उरलेल्या पानांवर दुधाचा हिशेब सुरू झाला होता. उभ्या दोन रेघा, तारखा, गाय एक लिटर, म्हैस अर्धा. पानंच्या पानं तेच. मधे एका तारखेला आकडा वेगळा होता, म्हैस दोन लिटर, आणि पुढे लहान अक्षरात: आज त्याचा वाढदिवस, खीर केली.